गुनपेई योकोई: मुरलेल्या तंत्रज्ञानातून नवे खेळ काढणारा इंजिनिअर

जुन्या आर्केड मशीन गोळा करणाऱ्या लोकांमध्ये एका मशीनला वेगळाच मान आहे. ते म्हणजे लाल रंगाचं डाँकी काँग. अमेरिकेत १९८१ नंतर हजारो डाँकी काँग मशीन विकली गेली आणि त्यातली बहुतेक निळी आहेत. लाल मशीन मात्र मोजकीच. ही लाल मशीन मुळात डाँकी काँगची नव्हतीच. ती दुसऱ्याच एका फसलेल्या गेमची खोकी होती. आतला सर्किट बोर्ड बदलून, बाहेरची चित्रं बदलून त्यांना नवा जन्म दिला होता.

टाकाऊ ठरलेल्या वस्तूला नवं काम द्यायचं ही कल्पना तिथे एकदाच वापरली गेली असं नाही. त्या कामावर देखरेख करणाऱ्या इंजिनिअरची सगळी कारकीर्दच या एका विचारावर उभी होती. त्यांचं नाव गुनपेई योकोई. गेम बॉय त्यांच्या टीमचा, मारिओला अंगठ्याने पळवणारं ते अधिकच्या चिन्हासारखं बटण त्यांचं, आणि नाणं टाकून खेळायच्या कितीतरी मशीनमागे त्यांचं डोकं. तरी आपल्याकडे फोनवर तासन्‌तास गेम खेळणाऱ्या दहा जणांना विचारलं, तर नऊ जणांना हे नाव माहीत नसेल. म्हणून म्हटलं, आज या माणसाबद्दल लिहूया.

पत्त्यांच्या कारखान्यातला मेंटेनन्सवाला

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ ला जपानमधल्या क्योटो शहरात झाला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आणि १९६५ मध्ये ते निंटेंडो कंपनीत लागले.

आता निंटेंडो म्हटलं की आपल्याला मारिओ आठवतो, पण तेव्हा ही कंपनी पत्ते बनवायची. हानाफुदा नावाचे फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते, आणि आपण खेळतो तसे बावन्न पानांचे. योकोई यांचं काम काय, तर पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल. यंत्र चालू असलं की काम नाही, बंद पडलं की काम. कॅम्पस प्लेसमेंटमधून सपोर्ट प्रोजेक्टवर गेलेल्या कुणालाही ही अवस्था लगेच समजेल.

रिकाम्या वेळात त्यांनी स्वतःसाठी एक खेळणं बनवलं. एकमेकांना जोडलेल्या पट्ट्यांचा, कात्रीसारखा उघडणारा हात. मुठी जवळ आणल्या की हात लांब जाणार आणि पुढची वस्तू पकडणार. १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्यात आले असताना त्यांची नजर त्या खेळण्यावर पडली. योकोईंना वाटलं असेल की आता बोलणी बसणार. पण यामाउचींनी सांगितलं की याचं विकता येईल असं उत्पादन कर. ‘अल्ट्रा हँड’ नावाने ते बाजारात आलं आणि १२ लाखांहून जास्त नग खपले. मेंटेनन्सवाला इंजिनिअर एका फटक्यात खेळणी बनवणारा झाला.

मग घरात बेसबॉलचे चेंडू फेकणारं यंत्र आलं. १९६९ मध्ये ‘लव्ह टेस्टर’ आलं. दोघांनी एकेका हातात एकेक दांडी धरायची, दुसरे हात एकमेकांच्या हातात द्यायचे, की काटा हलून दोघांचं प्रेम किती ते दाखवणार. आत काय होतं? दोघांच्या शरीरातून जाणारा अगदी छोटा विद्युतप्रवाह मोजणारं साधं मीटर, बस्स. हे मीटर त्या काळात कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळत होतं. योकोईंनी फक्त त्याला हात धरायचं निमित्त बनवलं.

बोलिंगच्या जागेत बंदुका

याच सुमारास शार्प कंपनीचे मासायुकी उएमुरा निंटेंडोमध्ये सोलर सेल विकायला यायचे. सोलर सेल म्हणजे प्रकाश पडला की वीज देणारा तुकडा. सगळे त्याच्याकडे वीज बनवायचं साधन म्हणून बघत होते. योकोईंना त्यात सेन्सर दिसला. लक्ष्यावर हा सेल बसवायचा, बंदुकीतून प्रकाशाचा झोत सोडायचा, सेलला प्रकाश लागला की नेम लागला! १९७० मध्ये या बंदुकीचं खेळणं बाजारात आलं. उएमुरा पुढे निंटेंडोतच आले आणि त्यांनीच फॅमिकॉम हा घरगुती कन्सोल बनवला.

तेव्हा जपानमध्ये बोलिंगची लाट ओसरली होती आणि मोठमोठे बोलिंगचे हॉल ओस पडले होते. निंटेंडोने १९७३ मध्ये तिथे ‘लेझर क्ले शूटिंग सिस्टिम’ बसवायला सुरुवात केली. समोर प्रोजेक्टरने उडत्या लक्ष्याचं चित्र टाकायचं आणि लोकांनी प्रकाशाच्या बंदुकीने ते टिपायचं. पुन्हा तेच, रिकामी पडलेली जागा आणि माहितीतलं तंत्रज्ञान.

पण त्याच वर्षी तेलाचं जागतिक संकट आलं. लोकांनी खर्च आवरले, ऑर्डरी रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात गेली. मग निंटेंडोने हाच खेळ लहान केला. अख्ख्या हॉलऐवजी एका कोपऱ्यात मावणारी, नाणं टाकून चालणारी मशीन बनवली. १९७४ चं ‘वाइल्ड गनमॅन’ हे त्यातलंच. त्यात कॉम्प्युटरचं चित्र नव्हतं. आत १६ मिलीमीटरच्या सिनेमाचा प्रोजेक्टर होता. पडद्यावर खराखुरा अभिनेता काउबॉय बनून उभा राहायचा, त्याचे डोळे चमकले की तुम्ही बंदूक काढून गोळी झाडायची. उशीर झाला तर फिल्म बदलायची आणि तुम्ही मेलात.

आपल्याकडे लहानपणी ज्यांच्या घरी ‘टीव्ही गेम’ होता, त्यांना डक हंट आठवत असेल. प्लास्टिकची बंदूक आणि उडणारी बदकं. आपल्याकडचे ते टीव्ही गेम बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या आणि मूळ डक हंट योकोईंच्या विभागाने बनवलेला. तिथे त्यांनी कल्पना उलटी केली. सेन्सर लक्ष्यात नाही, बंदुकीत. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला तो उजेड दिसला तर नेम बरोबर. म्हणूनच ही बंदूक आजच्या एलईडी टीव्हीवर चालत नाही. पिक्चर ट्यूबचा डबा टीव्ही चित्र लगेच उमटवायचा आणि सेन्सर त्याच्याच लयीला जुळवलेला होता. आजचा टीव्ही चित्रावर आधी प्रक्रिया करतो, त्यामुळे उजेड उशिरा येतो आणि बंदुकीला काहीच सापडत नाही.

ट्रेनमधला कॅल्क्युलेटर

सत्तरच्या दशकाच्या शेवटी योकोई शिंकानसेन रेल्वेने चालले होते. समोर ऑफिसमधून परतणारा एक कंटाळलेला माणूस खिशातला कॅल्क्युलेटर काढून उगाच बटणं दाबत बसला होता. योकोईंच्या डोक्यात आलं की वेळ घालवायला अशी छोटी, कुणाच्या नजरेत न येणारी वस्तू बनवली तर?

काही दिवसांनी यामाउचींचा ड्रायव्हर आजारी पडला आणि गाडी चालवायची वेळ योकोईंवर आली. त्या प्रवासात त्यांनी ही कल्पना अध्यक्षांच्या कानावर घातली. पुढच्याच बैठकीत यामाउचींच्या शेजारी शार्प कंपनीचे प्रमुख बसले होते. शार्प तेव्हा कॅल्क्युलेटरचे पडदे आणि चिप ढिगाने बनवत होती आणि स्पर्धेमुळे त्यांच्या किमती पडल्या होत्या. जुळून आलं!

१९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आलं. त्याचं चित्र कसं चालतं बघा. कॅल्क्युलेटरमध्ये ८ चा आकडा सात छोट्या काड्यांनी बनतो, हव्या त्या काड्या काळ्या होतात. योकोईंच्या टीमने काड्यांच्या जागी माणसाचे हात, चेंडू, माकड असे आकार छापले. एक आकार विझतो, शेजारचा लागतो आणि आपल्याला वाटतं चेंडू उडाला. घड्याळाच्या बटण सेलवर हे सगळं चालायचं आणि गेम बंद असताना ते घड्याळ म्हणून वापरता यायचं. या मालिकेचे जगभरात ४ कोटींहून जास्त नग विकले गेले.

२,००० मशीन गोदामात पडून

आता येऊया लाल मशीनकडे. १९८० च्या सुमारास निंटेंडोने ‘रडार स्कोप’ नावाचा नाणं टाकून खेळायचा गेम काढला. अंतराळातली गोळाबारी, त्या काळच्या फॅशनप्रमाणे. अमेरिकेतल्या शाखेचे प्रमुख मिनोरु अराकावा यांनी ३,००० मशीन मागवली. ती बोटीने पोहोचेपर्यंत लोकांचा उत्साह मावळला होता. १,००० च्या आसपास खपली, उरलेली २,००० गोदामात. नवी शाखा सुरू होता होताच बुडायची वेळ आली.

यामाउचींनी सांगितलं की याच मशीनमध्ये बसेल असा नवा गेम बनवा. काम मिळालं शिगेरु मियामोतो या तरुण डिझायनरला, ज्याने तोपर्यंत एकही गेम पूर्णपणे स्वतः घडवला नव्हता. त्याच्यावर देखरेखीला अनुभवी योकोई. प्रोग्रॅमिंग इकेगामी त्सुशिंकी या कंपनीच्या इंजिनिअरांनी केलं. मियामोतोची सुरुवातीची कल्पना योकोईंना गुंतागुंतीची वाटली. त्यांनी सुचवलं की सीसॉ ठेवूया, त्यावरून हिरो उडेल. प्रोग्रॅम करायला ते फार अवघड निघालं. शेवटी तिरक्या लोखंडी तुळया, शिड्या आणि घरंगळत येणारी पिंपं असं ठरलं. हिरोला एक बटण दिलं, उडी मारायचं. तोच पुढे मारिओ झाला.

अमेरिकेतल्या शाखेच्या मोजक्या लोकांनी गोदामात बसून हातांनी एकेक रडार स्कोप उघडलं, नवे बोर्ड बसवले, चित्रं चिकटवली. जुलै १९८१ पासून डाँकी काँग विकलं जाऊ लागलं आणि मागणी एवढी झाली की नवी मशीन बनवावी लागली, ती निळी. पहिली लाल उरली. म्हणून संग्राहक त्यांच्यामागे लागतात. निंटेंडोच्या वाचलेल्या जिवाचा तो पुरावाच आहे.

१९८३ च्या ‘मारिओ ब्रदर्स’ या आर्केड गेममध्येही दोघं बरोबर होते. उंचावरून पडला तर मारिओला इजा व्हावी असं मियामोतोला वाटत होतं. योकोईंनी त्याला पटवलं की पडू दे कितीही उंचीवरून. आज बहुतेक मारिओ गेममध्ये तो दहा मजल्यांवरून पडूनही उठून पळतो. ते श्रेय योकोईंचं.

अंगठ्याखालचं अधिकचं चिन्ह

आर्केडच्या मशीनवर जॉयस्टिक असते, पण ती खिशात कशी मावणार? डाँकी काँग छोट्या गेम अँड वॉचवर आणताना १९८२ मध्ये हा प्रश्न आला. चार वेगळी बटणं दिली तर खेळताना सारखं खाली बघावं लागतं. योकोईंनी चारही दिशा एकाच अधिकच्या आकाराच्या तुकड्यात आणल्या. त्याच्या मध्याखाली टेकू असतो. एक बाजू दाबली की समोरची वर उचलली जाते, त्यामुळे डावं आणि उजवं एकदम दाबलंच जात नाही. अंगठ्याला न बघता कळतं आपण कुठे आहोत.

मी एका जुन्या टीव्ही गेमचा कंट्रोलर स्क्रू काढून उघडून बघितला आहे. आत मोटर नाही, महाग काही नाही. प्लास्टिकचा तुकडा, खाली रबराच्या चार टोप्या, टोप्यांच्या तळाला वीज वाहून नेणारा काळा ठिपका आणि बोर्डवर तांब्याच्या रेषा. बटण चालत नसेल तर बहुतेक वेळा तो ठिपका आणि बोर्ड साफ केला की काम होतं. स्क्रीनवर काढलेल्या आभासी बटणांनी बीजीएमआय खेळताना अंगठा कितीदा सरकतो ते आठवा, म्हणजे या चिन्हाची किंमत कळेल.

चार सेल आणि चार छटा

२१ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये गेम बॉय आला. योकोई विभागप्रमुख होते, सातोरु ओकादा यांचा त्यात मोठा वाटा होता. १६० बाय १४४ पिक्सेलची हिरवट स्क्रीन, फक्त चार छटा आणि मागे दिवाही नाही. त्याच वर्षी अटारीने रंगीत ‘लिंक्स’ आणला, पुढच्या वर्षी सेगाने रंगीत ‘गेम गिअर’. स्पेसिफिकेशन बघितली तर गेम बॉय कुठेच नव्हता.

पण गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर दहा तासांच्या वर सहज चालायचा. स्वस्त होता, खिशात मावायचा, हातातून पडला तरी चालायचा. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकले गेले. रंगीत प्रतिस्पर्धी मागे पडले.

योकोईंनी आपल्या पद्धतीला नाव दिलं होतं. त्यातल्या जपानी शब्दाचा शब्दशः अर्थ होतो वाळलेलं, कोमेजलेलं. मला विचाराल तर मराठीत याला मुरलेलं तंत्रज्ञान म्हणावं. लोणचं मुरतं ना, तसं. जे स्वस्त झालंय, ज्याच्या खोडी सगळ्यांना माहीत आहेत, असं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा आडवा विचार करायचा, म्हणजे कुणी वापरलं नाही अशा ठिकाणी ते वापरायचं. आमच्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात दर काही महिन्यांनी नवं फ्रेमवर्क येतं आणि मीटिंगमध्ये जुन्याचं नाव काढलं तरी लोक विचित्र बघतात. अशा वेळी मला गेम बॉयचे चार सेल आठवतात.

लाल चित्रं आणि काळा पडदा

ही पद्धत नेहमीच जिंकली असं नाही. १९९५ चा ‘व्हर्च्युअल बॉय’ हा योकोईंचा सगळ्यात मोठा पराभव. स्टँडवरच्या दुर्बिणीसारख्या खोक्यात डोळे घालून थ्रीडी गेम बघायचा. आत प्रत्येक डोळ्यासाठी २२४ लाल एलईडींची एकच उभी रांग आणि वेगाने हलणारा आरसा. आरसा हलतो तशी ती रांग डावीकडून उजवीकडे पसरते आणि पूर्ण चित्र तयार होतं. लाल एलईडी का? कारण तेच स्वस्त होते आणि कमी वीज खात होते.

कल्पना जुन्याच सूत्रातली होती, पण इथे माणूस विसरला गेला. वाकून बसायचं, मान अवघडायची, डोळे दुखायचे, शेजारच्याला काहीच दिसायचं नाही. जेमतेम ७ लाख ७० हजार नग विकले आणि वर्षाच्या आत गाशा गुंडाळावा लागला. स्वस्त भाग वापरणं पुरेसं नसतं. ट्रेनमधल्या त्या कंटाळलेल्या माणसाला काय हवंय ते आधी दिसावं लागतं.

१९९६ मध्ये छोटा, दोन सेलवर चालणारा गेम बॉय पॉकेट बाजारात आला आणि ऑगस्टमध्ये ३१ वर्षांच्या नोकरीनंतर योकोईंनी निंटेंडो सोडली. अपयशामुळे गेले असं लोक म्हणत राहिले, त्यांनी ते मान्य केलं नाही. त्यांनी क्योटोत कोतो नावाची स्वतःची छोटी कंपनी काढली आणि बांदाय कंपनीसोबत नव्या हातातल्या कन्सोलवर काम सुरू केलं.

४ ऑक्टोबर १९९७ ला इशिकावा भागातल्या एक्सप्रेस वेवर त्यांच्या गाडीचा एका ट्रकशी छोटा अपघात झाला. नुकसान किती झालंय बघायला ते खाली उतरले आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय ५६. तो कन्सोल, वंडरस्वान, मार्च १९९९ मध्ये आला. एका पेन्सिल सेलवर तीस तासांच्या आसपास चालणारा. त्याच्यासोबत आलेल्या एका कोड्याच्या गेमचं नाव होतं गुनपेई.

आज ही मशीन कशी चालू राहतात?

अमेरिका, जपान, युरोपात आज कितीतरी लोक गॅरेजमध्ये जुनी आर्केड मशीन दुरुस्त करतात. डाँकी काँगच्या बोर्डवर झेड-८० हा प्रोसेसर आहे. १९७६ मध्ये आलेला, जगभर वापरलेला. त्याचं मूळ उत्पादन बंद करायची घोषणा २०२४ मध्ये झाली, म्हणजे जवळजवळ ४८ वर्षं तो नवा मिळत होता! आजूबाजूच्या बऱ्याच चिपही सर्रास मिळणाऱ्या. म्हणून बोर्ड बंद पडला तरी दोष शोधून तेवढाच भाग बदलता येतो.

खोडीही आहेत. निंटेंडोच्या त्या काळच्या बोर्डमधून रंगांचा सिग्नल उलटा येतो. साधा आर्केड मॉनिटर जोडला तर चित्र निगेटिव्हसारखं दिसतं. आवाजाचा ॲम्प्लिफायर मूळ मॉनिटरवरच असतो, त्यामुळे मॉनिटर बदलला की आवाजही जातो आणि वेगळी सोय करावी लागते. पिक्चर ट्यूबच्या मागे हजारो व्होल्ट साठलेले असतात, त्यामुळे जाणकार आधी ती डिस्चार्ज करतात. आणि कॅपॅसिटर म्हातारे झाले की चित्र थरथरतं. ते काढून नवे बसवले की जीव येतो. गेम बॉयच्या स्क्रीनवर उभ्या रेषा गायब झाल्या तर खालच्या पट्टीवर सोल्डरिंग आयर्नची हलकी उष्णता फिरवून त्या परत आणतात.

तुमच्या हातातला फोन या सगळ्यांपेक्षा लाखो पटीने ताकदवान आहे. पण त्याची बॅटरी चिकटवलेली आहे, स्क्रीन चिकटवलेली आहे आणि काही वर्षांनी अपडेट बंद झाले की तो कपाटात जातो. १९८१ चं लाल मशीन मात्र कुणाच्या तरी गॅरेजमध्ये अजून सुरू होतं, नाणं टाकलं की पिंपं घरंगळायला लागतात. तुमच्याकडे माळ्यावर एखादा जुना टीव्ही गेम पडला असेल तर भंगारात द्यायच्या आधी एकदा स्क्रूड्रायव्हर घेऊन उघडून बघा. अधिकच्या बटणाखालच्या त्या चार रबरी टोप्या तुम्हाला नक्की दिसतील.